हॅलोजनच्या उजेडातला सिनेमा

जत्रेच्या कमिटीवर मला घेतलं ते माझी भक्ती बघून नव्हे. मी दूध संस्थेत सचिव आहे, कागद जागच्या जागी ठेवते, आणि गावात ज्याला यादी करता येते त्याच्याच डोक्यावर सगळी कामं येऊन पडतात. मंडप, पाण्याचा टँकर, जेवणाची भांडी, देवळापुढची रांग आणि शेवटच्या दिवसाचा सिनेमा. बाकीच्या कामांचं मला काही वाटत नाही. सिनेमाने मात्र दरवर्षी माझा जीव खाल्ला आहे.

तालुक्याच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. तंबूतले सिनेमेही गेले. आता फलटणकडचा एक पडदेवाला टेंपोतून प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा घेऊन येतो, शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना तो पडदा ताणतो, आणि अख्खं गाव पोती-चटया घेऊन समोर बसतं. लोक मला विचारतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मीही पूर्वी हेच विचारायची. पण मोबाइलवर माणूस एकटा हसतो. आणि गावाच्या ग्रुपवर काही लिहावं, तर ते चहा निवायच्या आत संचालकांपर्यंत पोचतं.

संचालक म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे एक संचालक. गावात कुणाचा ऊस आधी तुटायचा आणि कुणाचा उन्हात वाळायचा, हे त्यांच्या मर्जीवर ठरतं. कागदावर नोंदणीचा क्रम असतो. तो क्रम मी वाचलेला आहे. कारखाना तो कधी वाचत नाही. त्यामुळे आमच्याकडे ग्रामसभेत कुणी बोलत नाही, सोसायटीच्या सभेत हात वर करून सगळे चहाची वाट बघतात, आणि जे काही बोलायचं ते सिनेमाच्या अंधारात बोलतात. व्हिलनला शिव्या घालायला कुणाची परवानगी लागत नाही. सिनेमातल्या पाटलाला, सावकाराला, मंत्र्याला आमचं गाव असं काही बोलतं, की पडद्यावरचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. मला याचा फार वैताग. मी सिनेमा ऐकायला बसते.

दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेतली गोष्ट. पडद्यावरचा व्हिलन हार गळ्यात घालून म्हणाला, "तुम्ही सगळी माझी लेकरं आहात." तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "मग लेकरांचा ऊस कवा तोडणार?" पटांगण फुटेस्तोवर हसलं. संचालक पुढं सोफ्यावर बसले होते. ते हसले नाहीत.

आवाज माझ्या धाकट्या जावेचा होता. मी तिला दहादा सांगितलं आहे, की सिनेमात बोलू नये. ती म्हणते, "आक्का, मग तिथं जायचं कशाला?"

त्यानंतरच्या हंगामात तिचा ऊस उभाच राहिला. शेजारच्या बांधापर्यंत तोडणीची टोळी आली आणि वळून गेली. गेल्या वर्षीची जत्रा आठवड्यावर आली, कारखान्याचा हंगाम संपायच्या बेताला आला, तरी तिच्या उसाला कोयता लागला नव्हता. पाल्याचा रंग उडाला होता. मग कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस, दिराला म्हणाला, "जत्रा नीट पार पडू द्या. मग बघू."

दीर घरी येऊन बायकोला म्हणाले, "यंदा तू सिनेमाला येऊ नगंस."

"मी न्हाई आले तर सगळ्यांना कळंल त्यो आवाज माझाच हुता."

"मग ये, पण गप बस. तोंडात शेंगदाणं भर."

"भरते. पोतंभर भरते."

मी तिथेच होते. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता, पण तिने खरंच शेंगदाणे भाजायला घेतले.

कमिटीच्या शेवटच्या बैठकीत संचालकांनी विषय काढला. यंदा सिनेमा चालू असताना दिवे बंद करायचे नाहीत. पडद्याच्या दोन्ही बांबूंना हॅलोजन बांधायचे, तोंडं लोकांकडे. कारण, महिलांची सुरक्षितता. कमिटीत महिला मी एकटीच होते, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, उजेडात सिनेमा दिसत नाही."

"दिसंल तेवढा दिसंल, वहिनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात दोन शिक्षक होते. मी यादीत हॅलोजन लिहिले. लिहिताना कागद फाटला.

पडदेवाल्याने पटांगणात येऊन बांबू बघितले, हॅलोजन बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, ह्यो तर उन्हात चांदणं दावायचा परकार झाला."

"मला नका सांगू. ठराव झालाय."

"म्हंजी दिसलं न्हाई तर शिव्या मला."

"निम्म्या मला," मी म्हणाले.

संध्याकाळी लोक बसले. मी चटया वाड्या-वस्त्यांप्रमाणे टाकल्या होत्या, मधून जायला वाट ठेवली होती, म्हाताऱ्यांना पुढं जागा केली होती. संचालक आले. जत्रेच्या मानाचा फेटा अजून डोक्यावर होता. ते सोफ्यावर बसले, शेजारी त्यांची चार माणसं. सिनेमा सुरू झाला, हॅलोजन लागले, आणि सगळं गाव डोळ्यांवर हात धरून बसलं. हॅलोजनांच्या मधे पडद्यावर काही तरी हलत होतं. हिरो होता की बैल, कळत नव्हतं. कुणी बोललं की आजूबाजूचे दहा चेहरे लख्ख दिसायचे, म्हणून कुणी बोलेना. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा सिनेमातलं प्रत्येक वाक्य मला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मला ते जराही आवडलं नाही.

पहिली उठली ती मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी. "माझं डोळं जळत्यात बाई," म्हणाली, पोतं उचललं आणि पडद्याच्या मागे जाऊन बसली. थोड्या वेळाने तिकडून तिचा आवाज आला, "अगं हिकडं झकास दिसतंय."

खरंच दिसत होतं. हॅलोजनची तोंडं पुढं होती, मागे काळोख. पडदा पातळ कापडाचा, चित्र आरपार उमटलेलं. मग एकेक करून सगळे उठले. माझी वाट, माझ्या वस्त्या, सगळ्याचा काला झाला. मी "सावकाश, तारेत पाय अडकेल," म्हणून ओरडत राहिले आणि शेवटी स्वतःची चटई घेऊन मागे गेले. पुढे उजेडात रिकामं पटांगण उरलं. त्यात सोफा, संचालक आणि चार माणसं.

मागून सगळं उलटं होतं. एसटीची पाटी उलटी, हिरो डाव्या हाताने जेवत होता, हिरॉइनचा पदर उजव्या खांद्यावर. "माहेर गुजरातेत हाय वाटतं हिचं," कुणीतरी म्हणालं. लोकांना कंठ फुटला. जाऊ माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होती. दीर तिच्या पलीकडे, तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवून.

व्हिलन म्हणाला, "या गावात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही."

लांबच्या कोपऱ्यातून एक पुरुषी आवाज आला, "ऊस बी हालत न्हाई."

हशा झाला. दिरांनी बायकोकडे पाहिलं. तिने शेंगदाण्यांनी भरलेलं तोंड त्यांना उघडून दाखवलं.

आणि मग पडद्यावर एक सावली आली. कोण बोललं ते बघायला संचालक उठून पडद्याकडे निघाले होते, आणि नेमके प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहिले. व्हिलनही झाकला, हिरोही झाकला. बांबूएवढी सावली, डोक्यावर फेटा, फेट्याचा शेमला. ती कुणाची हे ओळखायला गावातल्या कुणाला चष्मा लागला नसता. सिनेमा सावलीच्या आजूबाजूने चालू होता.

शेजारी जावेने घास गिळला. दिरांनी तिचा दंड धरला.

"कोण हाय रं त्यो?" ती म्हणाली. "खाली बस की."

सिनेमात झोतात उभ्या राहणाऱ्याला हेच म्हणतात. आमच्या आजोबांच्या काळापासून हेच म्हणत आले आहेत. त्यात नवीन काही नाही. म्हातारी म्हणाली, "बस की रं बाबा खाली." मग कोपरा म्हणाला, मग शाळेच्या पायरीवरचे म्हणाले, मग सगळं पटांगण एका सुरात. दिरांनी आधी बायकोचा दंड सोडला, मग तेही ओरडले. मीही म्हणाले. मी "बसा" म्हणाले, कारण मी कमिटीवर आहे.

सावली क्षणभर उभी राहिली. मग वळली, वाकली आणि खाली गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे सिनेमा बघायला लागले.

सकाळी चिटबॉय माझ्याकडे आला. "वहिनी, काल खाली बस कोण म्हणालं?"

"सगळे."

"पयलं कोण?"

"अंधार होता. उजेड तुम्ही पुढच्या बाजूला लावला होता."

त्याने हनुवटी खाजवली. "आता सगळ्यांचाच ऊस ठिवायचा म्हटलं तर कारखाना चालायचा कशावर?" हे तो मला विचारत नव्हता.

त्याच आठवड्यात टोळी जावेच्या फडात उतरली. वजन कमी भरलं, भरायचंच. दीर म्हणतात, संचालकांनी मोठं मन केलं. जाऊ म्हणते, कारखान्याला ऊस कमी पडला. मला या वादात पडायला वेळ नाही.

यंदाची जत्रा तोंडावर आली आहे. बैठकीत हॅलोजनचा विषय निघाला नाही. संचालकांनी चहा घेतला आणि पाण्याच्या टँकरवर बरंच बोलले. दिवे बंद राहणार म्हटल्यावर पुढच्या बाजूने सिनेमा सुलटा, स्वच्छ दिसणार. तरीही परवापासून घरटी एक बाई मला सांगून जाते, की आमची चटई मागच्या अंगाला टाका. मी प्रत्येकीला समजावलं, की मागून अक्षरं उलटी दिसतात. जावेलाही समजावलं.

"आक्का," ती म्हणाली, "वाचाया कोण जातंय?"

चटया मागे टाकायच्या म्हणजे तिकडची कुसळं काढावी लागणार, शाळेच्या नळाचा चिखल बुजवावा लागणार. कामाला माणूस सांगून ठेवला आहे. तो अजून आलेला नाही.