सव्वीस मिनिटांची रेघ

रोज दुपारी सव्वातीनला आमच्या रायपूरच्या शंकर नगरातले शेजारी वानखडेकाका पंखा बंद करत. कागद हलला तर विमान हलतं म्हणे! हसू नका. मी हसलो होतो आणि फूटपट्टीचा मार खाल्ला होता.

काकांचा जन्म रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये, गाड्यांवर नजर ठेवण्यात गेलेला. तिथल्या तक्त्यावर प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ, या स्टेशनापासून त्या स्टेशनापर्यंत. गाडी थांबली की रेघ आडवी पडते. रायपूर राजधानी झालं, अख्खं शहर मंत्र्यांच्या गाड्या बघायला रस्त्यावर आलं, आणि निवृत्त काका घरात बसून तशाच कागदी तक्त्यावर एकच विमान चालवत राहिले.

ते विमान त्यांच्या मुलाचं, प्रशांतचं. दूर परदेशात दोन चिमुकल्या बेटांमध्ये तो रोज आपल्याकडच्या सव्वातीनला बारा माणसांना घेऊन उडायचा. अंतर एकशे दहा किलोमीटर, वेळ सव्वीस मिनिटं. उतरला की मिस्ड कॉल द्यायचा. कागदावर खाली निघायचं बेट, वर उतरायचं; मग काका रेघ वरच्या बेटाला टेकवून ओरडत, "पोहचलं! चहा ठेवा!"

"काका, विमानवाले ठेवतात की लक्ष," मी छेडलं.

"काहून बे? ते विमानावर लक्ष ठेवून राहिले. मी माह्या पोट्ट्यावर ठेवतो."

"सव्वीसचे तीस झाले तर?"

"चार मिनिटं सूट धरली आहे. पण मधे एकही स्टेशन नाही रे. गाडी उभी कुठं करावी?"

एका मंगळवारी फोन वाजलाच नाही. रेघ वरच्या बेटाच्या दोन बोटं अलीकडे थांबली. काही दिवसांनी तिकडून कळलं, विमानाचा शोध थांबवला, काही सापडलं नाही. काकू जमिनीवर बसल्या. काकांनी पेन्सिलीला टोक केलं.

"पोहचल्याचा निरोप नाही, तोवर गाडी रस्त्यातच," म्हणाले आणि रेघ आडवी ओढली. रोज थोडी. कागद संपला की नवा चिकटवत. त्यांना हसवायला मी मंत्र्यांच्या नकला केल्या, काकूंशी खोटी भांडणं केली. काका हसत, डोळा घड्याळावर. "लेट चालून राहिली," एवढंच बोलत. असं तीन वर्षं.

काका गेले. तेरावं झाल्यावर काकूंनी ती गुंडाळी माझ्यापुढे उलगडली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच आडवी रेघ.

"बाबू, तुले येते ना हे? टेकवून दे त्या बेटाले. पोहचव माह्या लेकराले. मले आता पाहवत नाही."

मी पेन्सिल घेतली. रेघ वर न्यावी तर खोटं. तिथंच तोडावी, तर तोडणारा मी कोण?

काकूंनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली, घड्याळ पाहिलं, आणि रेघ चार बोटं पुढे ओढली. आडवीच.