डबा होता तिथेच परत ठेवायचा

काजूच्या दिवसांत झाडाखालची बोंडं वेचून टोपली भरावी, घरी येऊन हात धुवावेत, तोवर तिथे पुन्हा तेवढीच पडलेली! आमच्या डबामंडळाचे किस्से तसेच आहेत. एक सांगून मी उठायला बघते, तर शेजारची सुलूवैनी पदर ओढते, "आणि ता चावीचा सांगलंस काय गो?" मग परत बसावं लागतं.

डबामंडळ म्हणजे जेवणाचे डबे पोचवणारे नव्हेत हां! आमच्या माहेरच्या माणसांचा आधी तोच समज झाला होता. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे, तर आईने विचारलंही, "जावयाचा ट्रक बंद झालो म्हणून गो?"

हे खूळ आमच्या कोरगावात आणलं सुहासभावजींनी. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुरगावच्या बंदरात कामाला होते, रविवारी बसने घरी यायचे. बोटीवरच्या कुणा परदेशी माणसाने त्यांना हा खेळ शिकवला. एका रविवारी खळ्यात बसून त्यांनी आम्हांला समजावलं, "जगभर लोकांनी डबे लपवून ठेवलेत. कुठे, ते फोन दाखवतो. आपण जायचं, शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची. एखादी वस्तू घेतली तर एक आपली ठेवायची. आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. हा मोठा नियम!"

शेजारचे दत्तूकाका सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कष्ट करून शोधूचो?"

"हो."

"आणि गावलो की परत ठेवूचो?"

"हो, काका."

काकांनी सुपारी तोंडात टाकली. "समाजला. पंचायतीतली फायल!"

पण पहिल्या रविवारी चप्पल घालून सगळ्यांत आधी दारात कोण उभं? काकाच!

* * *

आमचं मंडळ एवढंच. भावजी, दत्तूकाका, अंगणवाडीत मदतनीस असलेली सुलूवैनी, पाव घेऊन येणारा इनास पोदेर, आणि मी. माझ्या कमरेवर माझी चिमी.

चिमी तेव्हा चार वर्षांची होती. चार वर्षांचं मूल कमरेवर कशाला, असं सगळेच विचारायचे. ती तान्ही असताना तापात तिला झटका आला होता. डोळे वर गेले, अंग ताठ झालं. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही, मोकळी खेळू दे. डॉक्टरांना म्हणायला काय जातं! तिला खाली ठेवायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे विहीर यायची, साप यायचा, खाणीतला ट्रक यायचा. तिचे बाबा स्वतः ट्रक चालवायचे, तरी यायचा!

सुलूवैनी पाठीस लागलेली. "जूनात शाळा. शाळेत कंबर धाडतलंस काय तिच्यावांगडा?"

मी हसायचे. पण जून म्हटला की तिला आणखी घट्ट धरायचे. वर्गाच्या दारात तिचा हात सोडायचा, हे मला जमणारच नाही असं आतून वाटायचं.

* * *

पहिला डबा रानात होता. वाटेच्या तोंडाशी दत्तूकाका थांबले. "गाऱ्हाणा घातल्याबगर मी रानात पाय टाकूचंय नाय!"

भावजी म्हणाले, "काका, हा खेळ आहे."

"खेळ तुझो. रान कोणाचा?"

काकांनी दगडावर नारळ ठेवला, टोपी काढली, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरा आज डबो शोधूक भायर पडली आसत..."

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

"त्यांका काटो-किरडू आडवो येवक देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या सुहासाच्या फोनाक रेंज येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोटं नाही सांगत, फोन वाजला! रेंज आली!

त्या दिवसापासून गाऱ्हाण्याशिवाय आमचा एक डबा निघाला नाही. गाऱ्हाणं कानावर पडलं की हातातलं काम टाकून "व्हय म्हाराजा" म्हणायचंच, असा मंडळाचा नियम झाला. सगळ्यांत मोठा आवाज इनासचा. काका एकदा त्याला म्हणाले, "अरे, तुजो देव वेगळो मरे!"

इनास म्हणाला, "देव वेगळो आसूं काका, रेंज एकच!"

काकांनी पुढे त्या गाऱ्हाण्याला माझ्यासाठी एक शेपूट जोडलं. "आणि ह्या चेडवाक कमरेवरून खाली ठेवूची बुद्धी तिच्या आवशीक दी रे म्हाराजा!" त्यावर सगळे जीव तोडून ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" चिमीसुद्धा! माझ्याच कमरेवर बसून, माझ्याच कानात!

* * *

सुलूवैनीचा किस्सा सांगितला नाही तर ती बोलायची बंद होईल.

पेडण्याच्या वाटेवर एका जुन्या भिंतीच्या फटीत तिला डबा सापडला. तिला सापडलेला पहिलाच डबा! आम्ही मागे राहिलो होतो. ती एकटीच पुढे गेली आणि डबा घेऊन थेट घरी पोचली. आम्ही भिंतीत हात घालघालून थकलो. नाही सापडला म्हणून तोंडं पाडून परत येतो, तर डबा तिच्या अंगणात पालथा घातलेला! साबण लावून घासलेला, उन्हात वाळत ठेवलेला. आतल्या कागदावरची बुरशी पुसून, त्याला इस्त्री करून घडी घातलेली!

भावजींनी डोक्याला हात लावला. "वैनी, तो तिथेच राहायला हवा होता!"

"तसो घाण? माझ्या हाताक गावलेलो डबो मी तसो ठेवीन? लोक काय म्हणतले, कोरगावच्या बायलांका भांडी घासूक येयत नाय?"

संध्याकाळी आम्ही सगळे मिळून तो परत ठेवायला गेलो. आणि वैनीने आत काय ठेवलं? नवी घासणी! पुढच्या माणसासाठी!

* * *

एक डबा वडाच्या मुळात होता, अगदी राखणदाराच्या दगडाला लागून. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा. तो दिसत नाही, पण त्याला विडी लागते. कुणा परदेशी माणसाने तिथे डबा लपवला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! गावातल्या माणसांना वाटलं, देवस्थानाचाच डबा असणार. ती येता-जाता त्यात विड्या टाकू लागली.

आम्ही झाकण उघडलं तर काठोकाठ विड्या! सहीचा कागद तळाशी कुठेतरी. काकांनी बराच वेळ विचार केला. मग एक विडी उचलली, वर वडाकडे बघून म्हणाले, "नियम आसा म्हणून घेतंय हां! बदल्यात दोन ठेवतंय!"

थोड्या दिवसांनी एक गोरं जोडपं तो डबा शोधून गेलं. त्यांनी फोनवर लिहिलेलं भावजींनी आम्हांला वाचून दाखवलं. एवढं मोठ्या मनाचं गाव आम्ही कुठेच पाहिलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुन्हा जाऊन बघतो तर डब्यात विड्यांच्या वर परदेशी सिगारेटचं अख्खं पाकीट!

काका टोपी काढून वडासमोर उभे राहिले. "आता ह्येची सवय लागली तर आमी खंयसून आणतलंव रे म्हाराजा?"

* * *

आता तो चावीचा किस्सा.

डिचोलीला, माझ्या माहेराजवळ, ओढ्यावरच्या एका साकवाखाली डबा होता. आम्ही वाकून दगड उलटे-सुलटे करत होतो. माझ्या आईने बरोबर उकडलेले शेंगदाणे दिले होते, ते चिमी वरून खात होती आणि टरफलं माझ्या केसांत टाकत होती. तेवढ्यात ओढ्याकाठच्या घरातली म्हातारी बाहेर आली. "कितें सांडलें गो?" काय हरवलं, म्हणून विचारत होती.

डब्याचं कुणाला सांगायचं नाही, हाही एक नियम. काका पटकन म्हणाले, "चावी!"

झालं! म्हातारीने हाक मारली. दोन सुना आल्या, शेजारचे आले, धुणं धुणाऱ्या बायका आल्या. सगळा वाडा पाण्यात उतरून चावी शोधायला लागला! आम्हांला धड सांगताही येईना, धड निघताही येईना. आणि एक सून ओरडली, "मेळ्ळी!"

खरीच चावी! गंजलेली, हातभर लांब म्हणा ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना ती कपाळाला लावून घ्यावीच लागली. म्हातारीने चहा पाजला. निघताना भावजींना राहवेना. अगदी हळूच विचारलं, "आजी, हांगा एक हिरवो डबो कोणाक दिसला?"

"तो?" म्हातारी म्हणाली. "तो त्या दुसऱ्या खांब्याफाटल्यान आसा न्ही! सगळे तोच सोदूंक येतात. तुमी चावी म्हणलें म्हणून हांव सांगूंक ना!"

ती चावी अजून काकांच्या खुंटीला आहे. कुठल्या कुलुपाची, देव जाणे.

* * *

आता मंडळ उरलं नाही. भावजींना बोटीवर नोकरी लागली. कुठल्या कुठल्या बंदरातून फोन करतात, "वैनी, इथेही एक डबा सापडला," म्हणतात. इनासने भट्टी बंद केली आणि तो लेकीकडे वास्कोला गेला. पहाटे त्याच्या भोंग्याने जाग यायची, आता दूधवाल्याने येते. काकांचे गुडघे गेले. रविवार येतो आणि नुसता जातो. मध्येच चिमीच्या जुन्या फ्रॉकच्या खिशात एखादं रंगीत बटण सापडतं, कुठल्यातरी डब्यातून घेतलेलं. मी ते टाकत नाही.

पण शेवटच्या रविवारचा किस्सा राहिलाच!

भावजी बोटीवर जाणार हे ठरलं होतं. जाण्याआधी आपलाही एक डबा असावा, कोरगावचा, असं त्यांच्या मनात आलं. दत्तूकाकांच्या काजूच्या बागायतीत जागा बघायला गेलो. मेचा शेवट, बोंडांचा वास नाकात भरलेला. एका जुन्या काजूच्या बुंध्याला मोठी ढोली होती. इनासने आत काठी आपटून पाला काढला, चांगली झाडून साफ केली. "हांगा बरो," म्हणाला. वैनी म्हणाली, खाली विहिरीकडेही एक जागा बघू. म्हणून सगळे उतारावर खाली आलो. नवा डबा आणि आतलं पेन चिमीच्या हातात खेळायला दिलेलं.

विहिरीच्या अलीकडे माझ्या चपलेत काटा घुसला. चिमीला खाली ठेवून मी वाकले. काटा काढला. वर बघते तर चिमी नाही!

"चिमे!"

काही नाही. सगळ्यांनी हाका मारल्या. वैनी झाडाझाडामागे पळाली. मी विहिरीकडे धावले. पाणी खोल, हिरवं, गप्प. इनास कठड्यावर पालथा पडून आत बघत होता आणि मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. "उदक हालूंक ना गो," तो म्हणाला. भावजींच्या हातात सवयीने फोन आला होता. मी ओरडले, "फोनात काय बघताय? फोनात आहे माझं पोर?"

त्यांनी फोन खिशात टाकला. मी हाका मारत राहिले, मारता मारता आवाज बसला. मी पाल्यातच बसले.

तेव्हा दत्तूकाकांनी टोपी काढली. नारळ नव्हता. समोर पडलेलं एक बोंड उचलून दगडावर ठेवलं. "बा देवा म्हाराजा! आमचा चेडू खंय आसा थंय सुखरूप ठेव रे म्हाराजा..."

कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. इनासच्यासुद्धा.

आणि वरून, त्या जुन्या काजूच्या ढोलीतून, बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी कशी वर चढले मला आठवत नाही. आत चिमी उकिडवी बसलेली, मांडीवर डबा, गाल बोंडांच्या रसाने माखलेले. मला हसावं, रडावं की एक ठेवून द्यावी, कळेना. "एवढ्या हाका मारल्या! ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "डबो ओ देता?"

मागे वैनी तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती की हसत होती, कोण जाणे. मी चिमीला ओढून बाहेर घेतलं, घट्ट धरलं. तिने हात सोडवला, डब्यातलं पेन माझ्या हातात दिलं आणि आपला दंड पुढे केला. "सही कर."

मी सही केली. तिच्या दंडावर, माझं पूर्ण नाव.

मग तिला कमरेवर घेऊन मी चालायला लागले. एक पाऊल टाकलं असेल. चिमीने माझे केस ओढले. "आये! सही झाली मरे! आता होतो थंय परत ठेव!"

मी इनासकडे बघितलं, वैनीकडे बघितलं, त्या ढोलीकडे बघितलं.

आणि मी तिला परत ठेवलं.

मागून दत्तूकाका हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"