लाल दोऱ्याची बाटली

बाटलीतलं पाणी मी आजही पीत नाही. नातवंडं हसतात. पाणी तेच असतं हे मलाही कळतं, पण बाटली तोंडाशी नेली की मी ती तशीच खाली ठेवते, आणि इतका जन्म सरला तरी ते काही थांबलेलं नाही.

तेव्हा औरंगाबादेत निजामाचं राज्य होतं आणि मला लग्न होऊन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात नवरा, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. अदालतीतून वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन घरी बसलेले कारकून. सारा जन्म लोकांचे हलफनामे, शपथेवरचे जबाब, लिहिण्यात गेला, त्यामुळे खोटं बोलणाऱ्याची त्यांना भारी चीड. त्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. मग डोळ्यांखाली पिशव्या आल्या. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भिजवलेल्या कणकेत पडावा तसा तो तिथंच राहायचा. तो खड्डा पाहिला की मला घास गिळवत नसे.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकलेले, वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. माणसाच्या कमरेच्या वर, पाठीशी दोन गुर्दे असतात, आणि अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्यातून गाळून निघतं. गुर्दा आधी रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण असं बरंच काही बाहेर काढतो आणि मग त्यातलं कामाचं परत आत घेतो. बाई ट्रंक आवरताना सगळे कपडे बाहेर काढते आणि हवे तेवढे परत भरते, तसंच. उरलेली घाण थोड्या पाण्याबरोबर लघवीतून निघून जाते. मामंजींचे गुर्दे थकले होते. पाणी बाहेर जायचं सोडून अंगात साठत होतं, आणि ते फुप्फुसात शिरलं तर माणूस कोरड्या जमिनीवर बुडेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मीठ बंद. आणि पाणी मोजून द्यायचं. काल जेवढी लघवी झाली तेवढंच, वर घामापोटी एक पेला.

मोजायला त्यांनी औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या दिल्या, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेल्या. एक लघवीची, एक पिण्याच्या पाण्याची. दोन्ही अगदी सारख्या. घोटाळा नको म्हणून पाण्याच्या बाटलीच्या गळ्याला मी लाल दोरा बांधला.

नवरा दिवसभर कचेरीत, तेव्हा मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भांड्यातलं बाटलीत ओतायचं, खूण बघायची, मोरीत टाकून द्यायचं. रंग काळपट, वर जाड फेस, आणि वास असा की हात धुतले तरी भाकरी थापताना नाकात यायचा. पुढं पुढं मामंजींच्या श्वासालाही तोच वास येऊ लागला. खोलीत जायच्या आधी मी डोक्यावरचा पदर नाकावरून खाली ओढायचे, त्याचं टोक दातांत धरायचे आणि तोंड भिंतीकडे करून भांडं उचलायचे.

बिडकीनच्या आतेसासूबाई भावाला बघायला आल्या आणि राहिल्या. त्यांना माझा पदर फारच भावला. शेजारीपाजारी सांगत सुटल्या, मर्यादा कशाला म्हणतात ते आमच्या सुनेकडून शिका. मर्यादा कुठली, निव्वळ किळस होती ती. पण आयती मिळालेली शाबासकी कोण परत करतं? मीही केली नाही.

वैशाख लागला. मामंजींची जीभ टाळ्याला चिकटू लागली. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ते भिंतीला सांगायचे, "लई तहान लागली." मी लाल दोऱ्याची बाटली वर धरून दाखवायचे. रिकामी. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू मीच कुठल्या तरी खटल्यातली आरोपी.

एका दुपारी मात्र भांडं चांगलं भरलेलं निघालं. रंग फिका. बाटली गळ्यापर्यंत आली. संध्याकाळी मी खूण सांगितली तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आतेसासूबाईंनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी मामंजींना प्यायला मिळालं. डोळे मिटून, घोट घोट तोंडात घोळवून ते प्यायले. चार-पाच दिवस असंच चाललं. वासही येईनासा झाला.

सूज मात्र चढत गेली. पोट नगाऱ्यासारखं झालं, आडवं होता येईना, उशांना टेकून बसल्या बसल्या ते धापा टाकू लागले. डॉक्टरांना बोलावलं. लघवी भरपूर आणि सूज वाढते, हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांनी लघवीची बाटली मागितली; नुकतीच मोजलेली होती, अजून मोरीत ओतली नव्हती. मी पदर दातांत धरून ती आणून दिली. त्यांनी बूच काढलं, आणि अत्तर हुंगावं तशी बाटली सरळ नाकाशी नेली.

"बेटी, ये तो पानी है."

सगळे माझ्याकडे बघू लागले. नवरासुद्धा. मग मामंजी धापा टाकत बोलले, आणि या खेपेला भिंतीशी नाही.

"तिला काय बोलू नगा. मीच वतलं. तांब्यातलं."

पलंगाशी एक तांब्या भरलेला असायचा, लघवीनंतर धुवायला. त्यातलं पाणी ते भांड्यात मिसळत होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेवढंच प्यायला मिळेल.

नवरा रडकुंडीला आला. म्हणाला, "मग तांब्यातलंच पिऊन टाकायचं व्हतं ना, बाबा. एवढा खटाटोप कशाला?"

मामंजींचं सुजलेलं तोंड वाकडं झालं. अशी घाण वाटलेली मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

"संडासाच्या तांब्यातलं? मी?"

डॉक्टरांनी जमेल ते केलं. चौथ्या दिवशी मामंजी गेले, बसल्या बसल्या, डॉक्टर म्हणाले होते तसेच. तेराव्याच्या पंगतीत आतेसासूबाई पुन्हा माझ्या पदराचं कौतुक करत होत्या. मला त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त माझीच मला शिसारी आली.

कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या पहिल्या दुपारी भरलेली बाटली माझ्या हाताला गार लागली होती. अंगणातल्या रांजणातल्या पाण्याइतकी गार. तो तांब्या रोज रांजणातून मीच भरून ठेवत होते. वैशाखातल्या दुपारी माणसाच्या अंगातून नुकतंच निघालेलं काही गार नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वास येत नव्हता. मी पदर दातांत घट्ट धरला आणि खूण वाचली.