घासून गेलेला चेसिस नंबर

आधीच सांगते... भूतखेत, अंगात येणं, असल्या कशावर माझा काडीचा विश्वास नाही. बोम्मसंद्रामधल्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला अठ्ठावीस वर्षं काढलीत मी. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. त्यामुळे "मॅडम, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहायच्या आधी पूर्ण वाचा!

आम्ही मूळचे निपाणीचे, आता बसवनगुडीत. माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे, दुसऱ्या महायुद्धातली जीप आहे. आमच्या अप्पांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. अण्णा अडुसष्ट वर्षांचा, एकटा, गुडघे कामातून गेलेले. पण सकाळी जीपमध्ये बसला की गडी एकदम चाळिशीतला!

गेल्या वर्षी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं होतं, म्हणून आधी वेल्डिंगला जीप मिस्त्रीकडे दिली. तर त्या शहाण्याने फिनिशिंग छान यावं म्हणून इंजिनाशेजारच्या पट्टीवर ग्राइंडर मारला — नेमका चेसिस नंबर ठोकलेला होता तिथेच! बॉनेटवर रंगवलेला नंबर होता, पण तो काय कामाचा? लढाईच्या धामधुमीत एका जीपचं बॉनेट दुसरीला सर्रास लागायचं. गाडीची खरी ओळख चेसिसवर. तो नंबर दिसला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि जीप भंगारात.

मिस्त्री म्हणाला, "अक्का, टेन्शन बेडा, काळजी नको. आरसी बुकातला नंबर नवा पंच करून देतो. वरून स्वल्प गंज आणला की कुणाला कळतंय?"

"पंच माझ्या डोक्यात मार!" मी म्हटलं. खोट्या नंबरचे पार्ट मी जन्मभर परत पाठवले, आणि आता घरच्याच गाडीवर खोटा नंबर? मुळीच नाही.

अण्णा भडकला. "सुमे, तू तुझी तत्त्वं सांभाळ. जीप गेल्यावर मी सकाळी उठायचं कशासाठी, तेवढं सांग."

ते लागलं मला. फार लागलं.

रविवारी भर दुपारी मी ॲसिड घेऊन जीपपाशी बसले. आकडा ठोकला की खालचं लोखंडही दबतं. वरचा आकडा घासला गेला तरी ॲसिडने तो पुसटसा वर येतो. तीनदा करून पाहिलं. काही नाही! वेल्डिंगच्या उष्णतेने तीही खूण गेली होती. भिंगातून बघितलं, नख फिरवून बघितलं — सपाट.

"नंबर नाहीये रे अण्णा," म्हटलं, आणि मला रडूच आलं.

अण्णाने पट्टीवर कागद ठेवला आणि वरून पेन्सिल घासायला लागला. आरटीओत द्यावी लागते ती पेन्सिल प्रिंट हो! खाली खाच असेल तरच कागदावर आकडा उमटतो. आणि उमटला की! सहाच्या सहा आकडे.

मी कागद ओढून घेतला. "हा आधी कुठे घासला होतास?"

"वेडी का काय गं तू?"

मग पर्समधल्या माझ्या वहीचं कोरं पान फाडून मी स्वतः घासलं. तेच सहा आकडे. बोट फिरवलं तर सपाट लोखंड!

पण खरी पंचाईत पुढेच. प्रिंट आरसी बुकाशी जुळेना! बुकात चौथा आकडा एक, कागदावर सात.

"सातचा एक करू," अण्णा हळूच म्हणाला. "खोडरबर आहे घरात."

"हात तर लावून बघ!" मी दोन्ही कागद पर्समध्ये कोंबले.

सोमवारी सकाळी जीप घेऊन आरटीओत गेलो. इन्स्पेक्टरांचा माझ्या प्रिंटवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या कागदावर स्वतः घासून काढली. तेच आकडे. बुक बघितलं आणि मान हलवली. "जुळत नाही मॅडम. आगल्ला, नाही व्हायचं."

"चूक बुकात आहे, चेसिसवर नाही," मी म्हटलं. "जुनी फाइल काढा. तोवर मी इथून हलणार नाही!" आणि बसले ठाण मांडून. अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दोन तासांनी फाइल आली. त्यात लष्कराच्या लिलावाची पावती, तिच्यावर सात. मागे अप्पांनी स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म, त्यावर एक. सगळा घोळ आमच्या तीर्थरूपांचा!

"सरी," इन्स्पेक्टर म्हणाले. "ठीक आहे, दुरुस्ती करू. फाइलला अजून एक प्रिंट लागेल."

त्यांनी त्याच जागी कागद ठेवला, घासला. नुसतं काळं. मी घासलं, अण्णाने घासलं... काही उमटेना. तेव्हा कुठे त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. मग सही केलेली आपलीच पहिली प्रिंट कितीतरी वेळ बघत राहिले.

"झेरॉक्स काढून आणा," एवढंच म्हणाले.

आमच्या कारखान्यातल्या दोघा मेटलर्जीवाल्यांना विचारलं. एकाने लोखंडावरचं व्याख्यान दिलं, दुसऱ्याने माझ्या झोपेची चौकशी केली. जी टेस्ट पुन्हा घेता येत नाही ती टेस्टच नव्हे, हे मीच पोरांना शिकवत आले. माझ्याच नियमाने ती जीप मी फेल करायला हवी होती. नाही केली! पुन्हा वेळ आली तरी नाही करणार.

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही, आणि ओढूनताणून एखादं कारण चिकटवणारही नाही. प्रिंट कपाटात आहे, यायचं त्याने येऊन बघावी. फक्त सकाळी सातनंतर या... त्याआधी अण्णा जीप घेऊन बाहेर असतो.