डिकीतला डबा

आमच्या शेजारच्या गोमटेशच्या गच्चीवर एक काळा लोखंडी सांगाडा उन्हात पडलाय. गाडीच्या डिकीवर सायकल टांगून न्यायची रॅक आहे ती. कुणी विचारलं तर गोमटेश म्हणतो, "आमच्या गाडीला नीट बसत न्हाई." साफ खोटं. चांगली बसते. खरं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

गोमटेशचं सांगलीत ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण नव्या वस्तूचं भारी वेड. पंचेचाळिशीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा; यानं सायकल घेतली. तीही साधी नाही. तिला रोज मऊ फडक्यानं पुसायचा. लग्नातल्या कोटाचीसुद्धा त्यानं एवढी निगा राखली नव्हती, असं त्याची बायको दीपाली म्हणायची. मग ही रॅक आली. डिकीच्या कडांना आकडे लावायचे, पट्टे आवळायचे, वर सायकल टांगायची. एकदा बांधली की डिकी उघडत नाही. हे त्यानं आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं. "चोराची बी टाप न्हाई," म्हणाला होता.

चैत्रातल्या एका रविवारी तो यवतेश्वरचा घाट सायकलनं चढायला साताऱ्याला गेला. त्याची बहीण चंदना तिथं राहते, म्हणून आईलाही गाडीतून घेतलं. आई म्हणजे चंदनबालाकाकू. पंचाहत्तरीच्या, अंगानं चिपाड, आवाज कधी चढवायच्या नाहीत. दिवस मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, हा त्यांचा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. पाणी प्यायचं तेही घरात गाळून उकळलेलंच. आमच्याकडं हळदीकुंकवाला आल्या तरी त्यांचा एक डोळा खिडकीबाहेरच्या उन्हावर असायचा.

घाटात दोस्तांबरोबर फोटो काढता काढता गोमटेशला उशीर झाला. निघताना चंदनानं दशम्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. "दादा, वाटंत थांबून आईला वेळेत खायला घाल. हाताशी ठेव." हाताशी त्याचं हेल्मेट आणि बूट होते. पिशवी त्यानं डिकीत टाकली, वर रॅक आवळली, सायकल टांगली आणि निघाला.

उंब्रजच्या अलीकडं काकू म्हणाल्या, "गोमू, गाडी बाजूला घे. तहान लागलीया."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सायकल उतरवा, पट्टे सोडा, परत सगळं बांधा! अंग आधीच आंबलेलं. म्हणाला, "आई, पुढं घेऊया की. दिवस हाय अजून. न्हाईतर बाटली घेऊ का विकतची?"

"बाटलीचं नको. बरं, पुढं घे," काकू म्हणाल्या.

उंब्रज मागं पडलं आणि मागून कर्र आवाज आला. एक पट्टा ढिला होऊन सायकल डिकीवर घासत होती. गोमटेशनं तिथल्या तिथं गाडी बाजूला घेतली. उडी मारून खाली उतरला. आईच्या पाण्यासाठी जी गाडी थांबली नाही, ती सायकलच्या रंगासाठी थांबली. काकूही उतरल्या आणि सायकल हलू नये म्हणून तिचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. यानं पट्टा आवळला, मध्ये फडकं घातलं, घासलेल्या जागेवर बोट फिरवून बघितलं.

"आता डिकी उगडंल का रं?" काकूंनी विचारलं.

"अगं, आत्ताच तर बांधलं. कराड ओलांडू दे."

काकूंनी सूर्याकडं बघितलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

मलकापूरला गाड्या अडकल्या होत्या. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंनी दुचाक्या. बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. गोमटेशनं आरशात बघितलं. काकू खिडकीला टेकल्या होत्या, ओठ सुकले होते, सारख्या जिभेनं ओले करत होत्या. लाल गोळा झाडांमागं उतरत चालला होता. जन्मात पहिल्यांदा आपण घड्याळ सोडून सूर्याकडं बघत होतो, असं तो म्हणाला.

वाट मिळाली तशी त्यानं गाडी कडेला घातली आणि पट्टे ओरबाडून सोडले. सायकल खाली आपटली, त्याचंही भान नाही. डिकी उघडली, तांब्या घेऊन धावला. "आई, पी! उजेड हाय अजून. बघ की, उजेड हाय!"

"उजेड हाय. दिवस मावळला, लेकरा." काकूंनी हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. आता उद्या उजाडेपर्यंत घोटभरही नाही.

गोमटेश तांब्या धरून तसाच उभा. आईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणाला. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. त्यात कपाळावर गार घाम आला. घाट चढल्यापासून त्याच्याही पोटात धड काही नव्हतं. काकूंनी ओळखलं, गाडीतून खाली उतरल्या.

"साकर उतरली व्हय तुजी? बस खाली. खा."

"तुझं हाय ते, आई."

"खा म्हणते न्हवं? माजं काय, मला सवय हाय."

आणि गोमटेशनं खाल्लं. डिकीच्या कडेवर बसून त्यानं आईच्या दशम्या खाल्ल्या, तो आईच्या तांब्यातलं पाणी प्यायला. इथपर्यंत सांगून तो जायला उठला. मला वाटलं संपलं. मग मान खाली घालून म्हणाला, "पाणी पिऊन वर बघितलं, तर आई कुठं दिसंना. उठून गाडीच्या पुढं गेलो. पडलेली सायकल तिनं उचलून तिकडं नेली होती, आणि पदरानं पुसत होती."