आधी चालून येणाऱ्या बाई

“आधी मी चालून येते, मग पोरं चालतील.” असं म्हणून बाई खडूच्या कपाटातून आपले पांढरे कॅनव्हासचे बूट काढायच्या. साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि खाली पीटीचे बूट. ते बूट बाहेर आले की शाळेनं ओळखायचं, सहल ठरली.

आमची शाळा पाथर्डीच्या पलीकडची, दोन शिक्षकी. बाईंकडं तिसरी-चौथी, माझ्याकडं पहिली-दुसरी. वयानं त्या माझ्या आईच्या बरोबरीच्या. मला ‘सर’ म्हणायच्या, पण कामाला जुंपताना तो मान कुठल्या कुठं जायचा.

तुम्ही म्हणाल, सहलीआधी जागा बघून येणारे शिक्षक आम्हीही पाहिलेत. पाहिले असतील. ते गेटवर वेळ विचारतात, पाण्याची सोय बघतात, चहा पितात आणि घरी येतात. मीही त्यातलाच. बाई मात्र सगळी वाट चालायच्या, आणि तीही चौथीच्या पोराच्या चालीनं. बारकी पावलं, मध्येच रेंगाळणं, सावलीत टेकणं. मी कंटाळून पुढं गेलो की मागून हाक यायची, “सर, तुमी सहलीला आलाय का बाजाराला?”

मागच्या साली आम्ही असेच राहात्याच्या बाजूच्या एका वनस्पतीबागेत गेलो. गणपती नुकतेच बुडाले होते. बागेत प्रत्येक झाडाला नावाची पाटी होती, आणि बाई प्रत्येक पाटीसमोर उकिडव्या बसत होत्या. रखवालदार बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

“बाई, काय हरवलं का?”

“नाही हो. पोराच्या उंचीवरून पाटी दिसती का, ते बघतीय.”

पाट्या उंचच होत्या. मला वाटलं, आता तक्रार करतील. तर म्हणाल्या, “बरंय. पाटी दिसली की पोरं पाटीच उतरून घेतात. झाड राहतं बाजूला.”

बागेच्या ऑफिसातून माहिती सांगायला माणूस मिळत होता, त्यालाही त्यांनी नको म्हटलं. “सांगणारा आला की पोरं त्याच्या तोंडाकडं बघत्यात. हितं झाडाकडं बघायला आणतोय आपण.” त्यांची रीत निराळी होती. खाली पडलेली पानं त्या वेचून आणायच्या, वाळवायच्या आणि एकेका पोराच्या हातात एकेक पान द्यायच्या. नाव सांगायचं नाही. ज्याचं पान त्यानं त्याचं झाड हुडकायचं. झाली सहल.

ती पानं दाबायला त्यांनी जागा शोधली होती ती खिचडीच्या तांदळाच्या पोत्याखालची. वर्तमानपत्रात पानं, त्यावर पोतं. स्वयंपाकाच्या मावशी रोज करवादायच्या, “बाई, ह्यो पाला कशाला ठिवलाय? उंदरं येत्यात.” बाई म्हणायच्या, “उंदरांना पण एखादं पान देऊ मावशी, शोधतील झाड.” मावशी हसायच्या नाहीत आणि पोतंही हलवायच्या नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र बाईंच्या काळजाला लागलेली होती. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर पोरंही जातात. सहल निघते थंडीत, आणि तोवर वर्ग अर्धा झालेला असतो. परत आलेली पोरं उन्हाळ्यात विचारतात, “बाई, सहल कुठं गेल्ती?”  एवढ्या बोलक्या बाई, पण तेव्हा पाठ फिरवून फळा पुसायला लागायच्या. अर्ध्या वर्गाची सहल ही सहल नव्हे, असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील.

त्या दिवशी बागेतून परतताना एसटीच्या खिडकीतून त्यांनी बोट दाखवलं. दोन्हीकडं ऊस होता आणि मध्ये एक मोकळं रान. “आपल्या गावाची टोळी हितंच उतरती. हितं त्यांच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्या पडतात. सर, पोरं बागेच्या दारात असतात आणि आपण म्हणतो, सहल चुकली. गाडी त्यांच्या तळावर न्यायची. सगळा वर्ग एकदम आत.”

मी नियम काढले. परगावी गेलेली मुलं, जबाबदारी, परवानगी.

“हजेरीपटावर नाव आपल्याकडं हाय ना? मग पोरगं आपलं.”

टोळीच्या मुकादमाला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, “बाई, मोठी पोरं धाकल्यांना संभाळत्यात. ती आली तर धाकल्यांचं काय?” बाई म्हणाल्या, “धाकल्यांना पण आना. एक दिवस मी संभाळते.” “मग न्या,” तो म्हणाला.

दसऱ्याला गावात आपट्याची पानं वाटून झाल्यावर बाई शाळेत बसल्या. टोळीबरोबर जाणारी पोरं एकेक करून आली. बाईंनी प्रत्येकाच्या हातात पोत्याखालचं एकेक पान ठेवलं. “हे माझ्याकडचं सोनं. जपा. थंडीत मी येते, तवा ह्याचं झाड हुडकायचं.” कोमल नावाची चौथीतली मुलगी होती, शांत. तिला मोठं, बदामाच्या आकाराचं पान मिळालं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच घरी गेली.

दिवाळीनंतर बाई वर्गात बसून शिकवायला लागल्या. ह्या बाई कधी खुर्चीवर बसत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, “दम लागतो जरा. सहलीपर्यंत निघंल.” नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आजार पुष्कळ पुढं गेला होता. मी भेटायला गेलो तर आवाज पार खोल गेलेला. तब्येतीचं त्यांनी काही बोलू दिलं नाही. म्हणाल्या, “सर, तळावर गाडी न्या. मी सांगून ठिवलंय पोरांना.” मार्गशीर्षात त्या गेल्या. खडूचं कपाट उघडलं की बूट दिसायचे, म्हणून मी बरेच दिवस खडूच काढला नाही.

मग एका रविवारी मी एकटा त्या बागेत गेलो. सगळी वाट चाललो, बारकी पावलं टाकत. पाट्यांसमोर उकिडवा बसलो. रखवालदारानं ओळखलं.

“त्या बाई न्हाई आल्या?”

 तिथंच, पाटीसमोर बसल्या बसल्या मला रडू आलं. तो बिचारा पाणी घेऊन आला.

माघात सहल निघाली. तळावर गाडी थांबली तेव्हा पोरं आधीच रस्त्यावर होती, अंघोळी करून, तेल लावून, कडेवर धाकली भावंडं. बाई गेल्याचं त्यांना कळलं होतं.  एक जण लगेच म्हणाला, “सर, माजं पान शेळीनं खाल्लं,” आणि सगळी हसली. बाकीच्यांची पानं होती. कुणी कोपीच्या कुडात खोचलेली, कुणी देवाच्या फोटोमागं ठेवलेली. गाडीत वर्ग पुरा भरला. मी हजेरी घेतली. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच एकाही नावापुढं गप्प राहावं लागलं नाही.

बागेत पोरं पांगली. आरडाओरडा, धावपळ, “घावलं, घावलं.” धाकली भावंडं माझ्या अंगावर. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्यांची झाडं सापडली, कोमलचं सोडून. ती तेवढी पान घेऊन फिरत होती. मी मदतीला गेलो, पण मलाही ते झाड कुठं दिसेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाईंनी पानं वेचली होती पावसाळ्यात, आणि आता पानगळ चालू होती. सगळी वाट आधी चालून बघणाऱ्या बाईंच्या हिशेबात तेवढी पानगळ आली नव्हती. मला वाटलं, पोरीला सांगून टाकावं, राहू दे.

सांगायला गेलो, तर ती एका उघड्या झाडाखाली बसली होती. वर नुसत्या फांद्या. खालचा पाला माळ्यानं झाडून नेलेला.

“सर, ह्येच हाय.”

“कशावरून गं? ह्याला तर एक पान नाही.”

“म्हनून तर. बाकी समद्या झाडांना त्येंची त्येंची पानं हायेत. ह्यालाच न्हाई.” तिनं हातातलं पान वर धरलं. “ह्याचं बाईंनी माज्याकडं दिलंय.”

मी मान वर करून पाटी वाचली. शिवण. शिवणीचं पान असंच असतं, हे नाव वाचल्यावर आठवलं; बरोबर होतं. तिला तसं सांगितलं. ती हसली नाही. पानाकडं बघत म्हणाली, “बाईंना कळाया पायजे हुतं.”

मग तिनं पान ओढणीत गुंडाळलं, धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि जेवायला गेली. मी बारकी पावलं टाकत तिच्या मागून निघालो.