जर्मन सेटिंगचे सहा लॅपटॉप

कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. लोक त्याच्याकडं तक्रार घेऊन येतात, आणि तक्रार मिटली की किस्सा तिथंच विसरून जातात. असे विसरलेले किस्से माझ्याकडं इतके साठलेत की आता कुणी चहा पाजला तर सांगतो, आणि नाही पाजला तरी सांगतो.

मी मूळचा राजुऱ्याचा, पण नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, जंगलातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात. माझं काम कम्प्युटरचं. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात इन्व्हर्टरपासून डॉक्टरबाईंच्या मिक्सरपर्यंत जिला वायर आहे ती प्रत्येक वस्तू माझी!

तर एकदा आमच्याकडं सहा लॅपटॉप आले. चंद्रपूरचे एक डॉक्टर बरीच वर्षं जर्मनीत आहेत, त्यांनी तिकडचे वापरलेले पाठवले. देणाऱ्याचं मन मोठं. भाषासुद्धा इंग्रजी करून पाठवली होती. पण आकड्यांची सवय जर्मनच राहिली होती, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आपण दशांशाला टिंब देतो, ते स्वल्पविराम देतात. आपण हजाराला स्वल्पविराम देतो, ते टिंब देतात. एवढंच. पण एवढ्याशा उलटापालटीनं आमचा दवाखाना वर्षभर नाचवला.

*

पहिला मान वासुदेवभाऊंचा. वासुदेवभाऊ आमचे स्टोअरकीपर. त्यांना एक्सेलमध्ये असं हवं होतं, की औषधाचा साठा कमी झाला की समोर 'मागवा' असं आपोआप यावं. नागपूरच्या साळ्यानं फोनवर फॉर्म्युला सांगितला. भाऊंनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतला. एंटर दाबलं, एरर.

साळा म्हणे फॉर्म्युला बरोबर आहे. भाऊ म्हणे चूक आहे. दुपारभर दोघांची जुंपली. शेवटी साळ्यानं तोच फॉर्म्युला स्वतःच्या मशीनवर चालवून त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, भाऊजी, तुमच्या हाताले यश नाई. हे भाऊंना फार लागलं.

मी जाऊन पाहिलं. जर्मन सेटिंगमध्ये स्वल्पविराम दशांशासाठी अडकलेला, म्हणून फॉर्म्युल्यात त्याच्या जागी अर्धविराम लागतो. तीन ठिकाणी बदल केला, 'मागवा' आलं. भाऊंनी तिथल्या तिथं साळ्याला फोन लावला.

"तुमच्या नागपुरात घाई राह्यते. आमच्या इथी जरा जास्त थांबा लागते!"

*

दुसरा किस्सा कुंदा सिस्टरचा. या आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं यांच्या हातची, त्यामुळे बोलताना कुणाला घाबरत नाहीत.

महिन्याचा अहवाल जिल्ह्याला जायचा. त्यात जन्मलेल्या बाळांची वजनं. सिस्टर टाइप करायच्या २.८५०, म्हणजे पावणेतीन किलोच्या वर. स्क्रीनवरसुद्धा २.८५० च दिसायचं. पण मशीनच्या मनात ते टिंब हजाराचं! तीच फाइल जिल्ह्यातल्या मशीनवर उघडली, तर दोन हजार आठशे पन्नास किलो.

त्याच आठवड्यात आमच्या भागात रानहत्तींचा कळप फिरत होता. वनखात्याची गाडी भोंगा लावून गावोगाव सांगत हिंडत होती. अशात जिल्ह्याच्या ऑफिसातून एका साहेबांचा फोन आला आणि तो सिस्टरनी उचलला. साहेब गमतीत म्हणाले, काय हो, तुमच्याकडं हत्तिणी बाळंत झाल्या का? सिस्टरना वाटलं, वनखात्याचा फोन आहे. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, हत्ती अजून नदीपलीकडंच आहेत. साहेबांनी विचारलं, मग ही या महिन्यातली सगळी बाळं? सिस्टर म्हणाल्या, सुखरूप. आणि आया? आया पण ठणठणीत, दोन दिवसांत चालत घरी गेल्या.

साहेबांनी अहवालातली वजनं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "धन्य आहे बाई त्या आयांची!"

*

मच्छरदाण्यांचं तर विचारूच नका. भाऊंनी बाराशे पन्नास मच्छरदाण्यांची मागणी छापून पाठवली. कागदावर आलं १.२५०. आता हे आपला माणूस वाचणार कसं? सव्वा!

सव्वा किलो पेढे नवसाला चालतात, सव्वा रुपया पूजेला चालतो. सव्वा मच्छरदाणी कशाला चालते ते वरच्या भांडाराला कळलं नाही, पण त्यांनी प्रश्न विचारला नाही. सरकारी शिस्तीत दोन मच्छरदाण्या पाठवून दिल्या. सोबत चिठ्ठी होती, की दुसरीतून आवश्यक तेवढी वापरून उरलेली परत करावी.

भाऊंनी ती चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. बाराशे पन्नास नंतर आल्या, हिवतापाच्या दिवसांआधी आल्या, तेव्हा आम्ही हसलो. आधी हसायची हिंमत नव्हती.

*

एव्हाना मला रोगाचं नाव कळलं होतं. एकेक लॅपटॉप घेऊन बसलो आणि सेटिंग भारताची केली. कोणता झाला, कोणता राहिला हे कळावं म्हणून कुंदा सिस्टरकडून टिकल्यांचं पाकीट घेतलं, आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर एक लाल टिकली लावली. पाच झाले. सहावा गावोगावच्या तपासणी कॅम्पच्या गाडीवर होता. तो आला की करायचा होता.

तो आला नेमका खंडेनवमीला, मी राजुऱ्याला गेलेलो असताना. दवाखान्यात अवजारांची पूजा मांडलेली. स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, गाडीच्या चाव्या आणि सहा लॅपटॉप. वासुदेवभाऊंनी पाहिलं, पाच जणींना टिकली आहे आणि एकीचं कपाळ मोकळं. त्यांना ते बघवेना. टिकलीचा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही, पण पूजेपुढं त्यांना तो आठवला नाही. त्यांनी सहाव्याला टिकली लावून दिली. मी परत आलो तेव्हा सहाही झाकणांवर टिकली दिसली, आणि एक राहिलाय हे माझ्या डोक्यातून निघून गेलं.

पुढं हे उघडकीला आलं तेव्हा मी त्यांच्यावर भडकलो. भाऊ माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मीच काही अघोरी मागत होतो.

"पाच सवाशिणींत एकीले तशीच बसवता का भाऊ?"

*

मधल्या काळात 'जर्मन सेटिंग' ही आमच्याकडं शिवी झाली होती. बस उशिरा आली, जर्मन सेटिंग. भाजीत मीठ जास्त, जर्मन सेटिंग. भाऊंच्या घरी भांडण झालं आणि वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत, तर भाऊ मलाच विचारायला आले, की हे कुठून बदलते? मी म्हटलं, भाऊ, ही मशीन माझ्या हातातली नाही.

*

आणि आता हा शेवटचा.

आमच्या भागात पावसाळ्यात नाले भरले की कितीतरी गावं तुटतात. म्हणून त्याआधी कॅम्पची गाडी गावोगाव जाते आणि गरोदर बायांचं रक्त तपासते. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलं की शीटमधली त्या बाईची ओळ आपोआप लाल होते. लाल ओळ म्हणजे गाडी पाठवायची आणि तिला दवाखान्याच्या माहेरघरात आणून ठेवायची. माहेरघर म्हणजे दवाखान्यालगतच्या खोल्या. दिवस भरत आलेल्या बाया तिथं येऊन राहतात. एवढ्या कमी रक्तावर घरी बाळंतपण झालं आणि नाला भरलेला असला, तर पुढचं मी सांगायची गरज नाही.

त्या वर्षी कॅम्पची यादी आली, तर एकही ओळ लाल नाही. अख्खी शीट पांढरी!

असं आजवर कधी झालं नव्हतं. वर्षभर लोहाच्या गोळ्या घरोघर वाटल्या होत्या, त्याचं फळ मिळालं असं सगळ्यांना वाटलं. आमच्या डॉक्टरबाई कडक. कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. त्यांनी बाजारातून जिलबी मागवली. गावोगाव निरोप गेले, की तुमच्या बायांचं रक्त चांगलं आहे, काळजी नको.

जर्मनीच्या डॉक्टरांना ही आनंदाची बातमी कळवावी, असं बाईंनी मला सांगितलं. मी एका हातात जिलबी घेऊन सगळ्यांच्या रक्ताची सरासरी काढायला बसलो. फॉर्म्युला टाकला. एरर आली. शून्यानं भाग जात नाही म्हणे. म्हणजे त्या अख्ख्या रकान्यात मशीनला एकही आकडा सापडत नव्हता. आणि माझ्या डोळ्यांसमोर तर आकडेच आकडे!

मी लॅपटॉपचं झाकण मिटून पाहिलं. टिकली होती. तरी सेटिंग उघडलं. जर्मन.

कॅम्पला गेलेल्या कुंदा सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, मी ५.५ टाकलं की त्याची पाच मे होऊन राह्यली होती. टिकली होती, म्हणजे मशीन दुरुस्तच असेल असं त्यांनी धरलं. गावात रेंज नाही, विचारणार कुणाला? मग भाऊंनी कधीतरी शिकवलेली युक्ती त्यांनी वापरली. आकड्याच्या आधी वर एक छोटी खूण टाकली की मशीन त्याला हात लावत नाही. खरंच लावत नाही. पण मग तो आकडाही राहत नाही, नुसती अक्षरं होतात. आणि अक्षरं कधी सातपेक्षा कमी भरत नाहीत.

मी सेटिंग बदललं आणि त्या खुणा काढल्या. आमच्यासमोर ओळी लाल व्हायला लागल्या. एक झाली, मग खालची झाली, मग सलग तीन. सिस्टर प्रत्येक लाल ओळीपुढचं गाव मोठ्यानं वाचायला लागल्या. डॉक्टरबाईंनी जिलबीचा पुडा बंद केला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या आल्या, एक सोडून. जैनी. सगळ्यात लांबचं गाव, आठवा महिना, आणि रक्त साडेपाच. तिनं ड्रायव्हरला परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरबाई स्वतः निघाल्या. सोबत सिस्टर आणि मी. मी कशाला, असं विचारायची सोय नव्हती. जैनी अंगणात बसली होती, सासू शेजारी. बाई बोलायच्या आत तिनंच विचारलं.

"मागं सांगतलं रक्त चांगलं हाये. आता सांगून राह्यले कमी हाये. मी कोणतं खरं मानू?"

तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही दिलेलाच निरोप ती आम्हाला सांगत होती. आमच्या बाईंनी कुणाची माफी मागितलेली मी कधी पाहिली नाही. त्या तिच्यासमोर खाली मातीत बसल्या. म्हणाल्या, "मागचं आमचं चुकलं, जैनी. आजचं खरं."

मग त्यांनी सासूला जवळ बोलावलं. बोटानं स्वतःची खालची पापणी ओढून आतला लाल रंग तिला दाखवला. मग जैनीची पापणी ओढून दाखवली. आत कागदासारखं पांढरं होतं. म्हातारीनं एकदा बाईंच्या डोळ्यात पाहिलं, एकदा सुनेच्या. ती घरात गेली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली.

जैनी माहेरघरात राहिली. रक्ताच्या बाटल्या चढल्या. पुढं नाले भरले, तिच्या गावचा रस्ता बंद झाला, आणि त्याच दिवसांत ती बाळंत झाली. मुलगी झाली. थोडा रक्तस्राव झाला, पण आता अंगात रक्त होतं, निभावलं. सिस्टरनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला रडू आलं. लपवलं नाही, जाऊ दे.

रस्ता सुरू झाल्यावर ती घरी निघाली. मुलीला कुशीत घेऊन माझ्या टेबलापाशी आली. शीटमध्ये आपलं नाव कुठं आहे ते तिला बघायचं होतं. मी दाखवलं. ओळ लाल होती. मी तिला म्हटलं, बघ आता गंमत, ही ओळ पांढरी होईल. त्या दिवशीचं तिचं रक्त नऊच्या वर आलं होतं. मी आकडा टाकायला हात उचलला. तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा भाऊ. पयले डोया पाहा, मंग पांढरं करा."

आणि तिनं स्वतःच्या बोटानं खालची पापणी ओढून माझ्यासमोर धरली.

मी खुर्चीतून उठलो, वाकलो आणि पाहिलं.